कुलूप काढल्यानंतर

मी चौथीत होतो तेव्हा आमच्या शाळेत पुस्तकांची एक पत्र्याची पेटी होती. १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेतून ती आलेली. तपासणीला साहेब येत त्या दिवशी पेटी उघडे, पुस्तके टेबलावर मांडली जात आणि साहेब गेले की मोजून परत आत. "फाटलं तर भरून कोण देणार? तुझा बाप?" हे गुरुजींचे वाक्य म्हणजे ग्रंथालयाविषयी मी शिकलेला पहिला धडा होय.

आज मी महाविद्यालयात शिकवतो आणि शनिवारी सकाळी काही विद्यार्थ्यांना घेऊन वस्तीजवळच्या एका प्राथमिक शाळेत जातो. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे, त्यात वर्तमानपत्र, मासिके आणि गोष्टीची पुस्तके हवीत, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे. पण कपाट उघडल्यावर कोणत्या इयत्तेशी काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आम्ही जे केले ते मांडतो.

पहिली-दुसरीला आधी मोठ्याने वाचून दाखवावे. एकच पुस्तक तीन-चार वेळा वाचावे. पुढचे वाक्य मुले आपणहून म्हणू लागतात. मग मुलाने सांगावे आणि आपण ते फळ्यावर लिहावे. येथे कसोटी मुलांची नसून आपली असते. एका मुलीने सांगितले, "माजी आज्जी पहाटं कचरा येचाया जाती." माझ्या विद्यार्थ्याने लिहिले, 'माझी आजी पहाटे कामाला जाते.' मुलीला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "हे माझं न्हाई." तिचे वाक्य तिच्याच शब्दांत लिहिले तेव्हा तिने त्यावर बोट फिरवत ते तीनदा म्हटले. अशी वाक्ये कागदावर उतरवून, शिवून, आम्ही कपाटात ठेवली. प्रमाण मराठी शिकवूच नये, असे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. कोर्टाचा कागद त्याच मराठीत येतो. पण ती दुसरी पायरी आहे.

तिसरी-चौथीला जोडीने वाचन: एक पान एकाचे, दुसरे दुसऱ्याचे. मात्र जोड्या मुलांवर सोडल्या तर गावातली बसण्याची रीत वर्गात येते. बाबासाहेबांनी शाळेतल्या आपल्या गोणपाटाची आठवण लिहून ठेवली आहे. गोणपाट गेले, अंतर अजून आहे. आम्ही चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. याच वयात पुस्तक आठवडाभर घरी जावे. मुलाने ते आईला, आजीला वाचून दाखवावे आणि ऐकणाऱ्याने काय विचारले ते वहीत लिहून आणावे. पुस्तकाचा सारांश लिहून आणण्यापेक्षा हे बरे. निरक्षर आईचा प्रश्न वर्गात वाचला जातो, हे मूल पाहते.

पाचवी ते सातवीची मुले पुस्तकाला प्रश्न विचारू शकतात. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंकही उपयोगी पडतात. आम्ही विहिरीवरची एक गोष्ट वाचली आणि मुलांना सांगितले, गावच्या पाणवठ्याची गोष्ट आजीला विचारून लिहा. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. त्या दिवशी मीही काही बोललो नाही.

आता कुलपाविषयी. गुरुजींचा मला फार राग होता. पुढे कळले की पुस्तके डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली असत आणि बदली होताना कमी भरलेले पुस्तक त्यांच्याकडे मागितले जाई. 'तुझा बाप' हा शब्द त्यांचा स्वतःचा. भीती मात्र त्या रजिस्टराची होती. म्हणून कार्यकर्त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसावे. कायद्याने तिच्यात तीनचतुर्थांश पालक असतात, वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. वाचून फाटलेली पुस्तके रजिस्टरातून कमी करावीत, असा ठराव समितीने मांडला तर शिक्षकाचा हात मोकळा होतो.

आमच्या शाळेत यंदा सात पुस्तकांचा असा ठराव झाला. कचरा वेचणाऱ्या त्या आजीची सून समितीवर आहे. तिने ठराव आधी मोठ्याने वाचायला लावला, एकेका पुस्तकाचे नाव ऐकले, आणि मग सही केली.