कळंबोली : खाचरांवरची वसाहत

१७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. कळंबोली त्यांतलंच एक. भाताच्या खाचरांवर सेक्टर उभे राहिले, शेजारी लोखंड बाजार आला. तिथे आजही ट्रेलरवरून पोलादाची भेंडोळी उतरतात. वसाहतीच्या आतल्या गल्ल्या मात्र निवांत.

ही वसाहत फुकट उभी राहिलेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क त्या रक्तातून आला.

कळंबोलीची जमीन सखल, त्यामुळे २६ जुलै २००५च्या अतिवृष्टीत घराघरांत पाणी शिरलं. ऑक्टोबर २०१६पासून कळंबोली पनवेल महापालिकेत आहे.