दहीपुलाखालची सरस्वती

अर्धा तास दणकून पाऊस झाला की नाशिकच्या सराफ बाजारात दुकानदारांची धावपळ सुरू होते. गंगापूर धरणातून पाणी सोडलेले नसते, गोदावरी आपल्या पात्रात असते, तरी दहीपूल, फुलबाजार आणि सराफ बाजारात पाणी घोट्यावरून गुडघ्यावर चढते. दुसऱ्या दिवशी पावसाळी गटारांच्या नावाने बोटे मोडली जातात. गटारे तुंबतात हे खरेच आहे, पण पाणी नेमके याच पट्ट्यात का जमते याचे उत्तर जुन्या नकाशात सापडते. जुन्या नाशकातून वाहत येऊन गोदावरीला मिळणारी सरस्वती इथूनच जाते. आपण तिला झाकले, वर रस्ता केला आणि बाजार मांडला. दहीपूल हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पूल मात्र कुणाला दिसत नाही.

गल्लीच्या पातळीवर असा शोध घ्यायचा तर सुरुवात नगर भूमापनाच्या नकाशापासून करावी लागते. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीटे इथे फारशी उपयोगाची नाहीत. एका इंचात एक मैल बसवलेल्या जुन्या शीटवर सरस्वतीसारखा ओहोळ केसाएवढा होतो. शिवाय 20 अंश उत्तर अक्षांश शहराच्या मधूनच जातो, त्यामुळे पंचवटी एका शीटवर तर नाशिकरोड दुसऱ्यावर. नगर भूमापनाच्या नकाशात मात्र घर न् घर असते. प्रत्येक मिळकतीला क्रमांक असतो आणि हे क्रमांक ओळीने वाचत गेले की एका जागी ते थांबतात. दोन रांगांची परसे एकमेकांकडे पाठ करून उभी आणि मध्ये बिनक्रमांकाची, वळणे घेत जाणारी चिंचोळी पट्टी. रस्ता माणसे आखतात, तो शक्यतो सरळ जातो. अशी वळणे पाणीच घेते.

हा नकाशा स्कॅन करून संगणकावर आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा. त्यासाठी लागणारे क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, कोणत्याही विद्यार्थ्याला शिकता येते. कस लागतो तो न हललेले बिंदू शोधताना. रस्त्याचे कोपरे धरू नयेत, रुंदीकरणात ते सरकलेले असतात. नाशिक या बाबतीत भाग्यवान आहे. नारोशंकराचे मंदिर 1747 चे, सुंदरनारायण 1756 चे, रामकुंड तर 1696 चे. या दगडी खुणा जिथल्या तिथे आहेत. सगळे बिंदू एकाच काठावर घेतले तर दुसरा काठ तिरका पडतो, म्हणून ते शीटभर पसरून घ्यावे लागतात. जुना कागद किंवा कापडावर चिकटवलेला नकाशा दमट हवेने पसरतो, सुकला की आखडतो, घडीवर ताणतो. देवळे जुळली तरी घडीजवळची घरे शेजारच्या मिळकतीत शिरलेली दिसतात. तिथे घाई करू नये, आणखी दोन बिंदू शोधावेत.

गावठाणाबाहेर गेलो की टिपणे हाती घ्यावी लागतात. हे हाताने काढलेले शेताचे आकार मापात नसतात. खरे माप रेघांच्या कडेने लिहिलेल्या आकड्यांत असते, साखळी आणि आण्यांमध्ये. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे 1089 चौरस फूट, आपला एक गुंठा. आकडे घेऊन शेत पुन्हा काढायचे आणि शेजारच्या शेताशी बांध जुळवायचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण यातूनच नासर्डीला, म्हणजे आजच्या नंदिनीला, मिळणारे लहान ओहोळ वर येतात. आज त्यांच्यावर कॉलन्या उभ्या आहेत.

नकाशा बसला की चालायला निघायचे. जुने नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे सांगतात. म्हसरूळ टेक, डिंगर आळी, चित्रघंटा या भागातून दहीपुलाकडे उतरताना पायांना उतार जाणवतो, पण डोळा दुकानांच्या पाट्यांत अडकतो. गवंड्याचा लेव्हल पाईप इथे कामी येतो. पारदर्शक नळीत पाणी भरायचे, एक टोक या ओट्याला, दुसरे त्या ओट्याला. कुठला उंबरा खाली आहे ते पाणीच सांगते. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पाणी शिरते आहे, त्या घरांचा ओटा चांगला तीन-चार पायऱ्यांचा असतो. शेजारचे नवे दुकान मात्र रस्त्याच्या पातळीला.

काझीच्या गढीवर वेगळाच ताळा मिळतो. सांकलिया आणि देव यांनी 1950-51 मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे या मातीच्या गढीवर उत्खनन केले आणि नाशिकची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याचे पुरावे दिले. त्याच गढीची नदीकडची कड पावसाळ्यात ढासळते आणि वर लोक राहतात. जुनी कड आणि आजची कड एकावर एक ठेवून पाहणे इथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

गोदाकाठच्या कुंडांनी तर जुना नकाशा किती कामाचा असतो ते सगळ्या शहराला दाखवले. दशाश्वमेध, रामगया, पेशवे, खंडोबा, ओक, वैशंपायन, मुक्तेश्वर अशी कुंडे पात्रात होती. 2003 च्या सिंहस्थाआधी घाट सपाट करताना त्यांच्या तळात काँक्रीट गेले. स्नानाला येणाऱ्यांची सोय झाली, पण तळातले झरे बुजले आणि उन्हाळ्यात रामकुंडासाठी धरणाच्या पाण्याकडे डोळे लागू लागले. गोदाप्रेमी देवांग जानी यांनी 1883 चे गॅझेटियर आणि 1917 चा भूमापन नकाशा पुढे ठेवून काँक्रीट काढण्याची मागणी लावून धरली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेले. पुढे काही कुंडांतले काँक्रीट निघालेही. नुसते ‘आमचे आजोबा सांगायचे’ एवढ्यावर ही लढाई उभी राहिली नसती. गॅझेटियरमध्ये वर्णन असते, नकाशात जागा असते, आणि दोन्ही जुळले की अधिकाऱ्याला ‘इथे काही नव्हते’ म्हणता येत नाही.

पाण्याची जुनी वाट विसरली की काय होते, हा धडा पुण्यालाही मिळाला आहे. पेशवाईत वळवलेल्या आंबील ओढ्याने सप्टेंबर 2019 मध्ये एका रात्रीत घरे वाहून नेली. माझे मत स्पष्ट आहे: कोणत्याही रस्त्याच्या, घाटाच्या किंवा गटाराच्या कामाच्या आराखड्याला जुना भूमापन नकाशा जोडलेला असल्याशिवाय निविदा निघू नये. त्याचा खर्च एका चेंबरच्या झाकणाइतकाही नाही.

येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे, आणि सिंहस्थ आला की गोदाकाठी खोदकाम ठरलेले. म्हणून जुन्या नाशिककरांना एक विनंती. आपल्या घरी पणजोबांच्या काळातले खरेदीखत, सनद किंवा वाटणीपत्र असेल तर ते काढा आणि चतुःसीमा वाचा. ‘दक्षिणेस ओहोळ’, ‘पश्चिमेस नाला’ असे दोन शब्द सापडले तरी नकाशावरची एक रेघ पक्की होते. कागदाला लॅमिनेशन करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. उजेडात सपाट ठेवून फोटो घ्या, मिळकतीचा क्रमांक लिहून ठेवा आणि एक प्रत सार्वजनिक वाचनालयाकडे द्या.