क्रियापद पुढे आणा

‘फ्रॉम रोटेगाव’, ‘विल गो’, ‘टुमॉरो मॉर्निंग’, ‘मीना’, ‘बाय ट्रेन’, ‘टू मनमाड’. तुकडे सहा, वाक्य एक. वैजापूरचे रेल्वे स्थानक म्हणजे रोटेगाव, त्यामुळे इथल्या मुलांना या वाक्यातला प्रवास लगेच कळतो. अडते ते मांडणीपाशी. शिष्यवृत्तीच्या सरावाला बसलेली मुले अशा प्रश्नाशी झटतात आणि स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेची तयारी करणारे पदवीधरही. तिथे तर वाक्याचे विस्कटलेले भाग जुळवणे हा अभ्यासक्रमातला स्वतंत्र घटकच आहे. भागांना पी, क्यू, आर, एस अशी नावे देतात आणि योग्य क्रम विचारतात.

पुष्कळ जण पर्याय वाचून कानाला बरा वाटेल त्यावर खूण करतात. त्याची गरज नाही. हेच वाक्य मराठीत म्हणून पाहावे: मीना उद्या सकाळी रोटेगावहून रेल्वेने मनमाडला जाईल. आता ‘मीना’ जागेवर ठेवायची आणि उरलेले वाक्य शेवटाकडून वाचायचे. जाईल, मनमाडला, रेल्वेने, रोटेगावहून, उद्या सकाळी. ‘मीना विल गो टू मनमाड बाय ट्रेन फ्रॉम रोटेगाव टुमॉरो मॉर्निंग.’ एकही तुकडा इकडचा तिकडे करावा लागला नाही. उलटापालट शब्दाच्या आतही होते: मराठीत ‘ला’ मनमाडच्या मागे लागतो, इंग्रजीत ‘टू’ पुढे येतो.

इंग्रजीत जागेला एवढे महत्त्व का? ‘मुंगसाने सापाला मारले’ म्हणा किंवा ‘सापाला मुंगसाने मारले’, मेला सापच. मारणारा कोण हे ‘ने’ सांगतो, मेलेला कोण हे ‘ला’ सांगतो. विभक्ती शब्दाला चिकटलेली असल्याने शब्द हलला तरी अर्थ हलत नाही. इंग्रजीत ‘मंगूस’ आणि ‘स्नेक’ यांच्या जागा बदलल्या, की साप मुंगसाला मारतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते आणि शब्दक्रम बराच मोकळा होता. पुढच्या काही शतकांत ते प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम जागेवर येऊन पडले. म्हणून इंग्रजी वाक्यात जागा चुकली, की अर्थच चुकतो.

क्रियापद हलवण्याची ही अडचण प्रत्येक भाषेत येत नाही. वैजापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तेव्हाच्या कारभाराची आणि शिक्षणाची उर्दू शिकताना क्रियापदाची जागा बदलावी लागत नव्हती, कारण उर्दूतही ते शेवटीच येते. हिंदीचेही तसेच. मराठी मुलाला क्रियापद उचलून पुढे न्यायला लावणारी शाळेतली पहिली भाषा इंग्रजीच.

उलट वाचण्याची ही रीत सगळीकडे मात्र चालत नाही. ‘काळी माती’ इंग्रजीतही ‘ब्लॅक सॉइल’च राहते. पण विशेषण लांबले, की ते नामाच्या मागे जाते. ‘कांदा पिकवणारा शेतकरी’ म्हणजे ‘द फार्मर हू ग्रोज अनियन्स’. तुकड्यांत ‘हू’ किंवा ‘विच’ दिसले, तर ते ज्याच्याविषयी आहे ते नाम सहसा त्याच्या लगेच आधी ठेवावे. ‘हॅज’ दिसले, तर कर्ता एकवचनी तृतीयपुरुषी शोधावा. खरी कसोटी प्रश्नार्थक वाक्यांत. ‘तू कुठे राहतोस’ डोक्यात असल्याने मूल ‘यू व्हेअर लिव्ह’ लिहिते. तिथे आधी ‘व्हेअर’, मग ‘डू’, मग ‘यू’ आणि शेवटी ‘लिव्ह’.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली. त्याआधी अनेक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, म्हणजे मराठीच्या आधारानेच, इंग्रजी शिकल्या. नुसते भाषांतर करून बोलता येत नाही, हा त्या पद्धतीवरचा आक्षेप रास्त आहे. पण तिच्याबरोबर मराठी वाक्याशी तुलना करण्याची सवयही वर्गातून गेली, हे नुकसान झाले. इंग्रजीच्या तासाला मराठी बंद, हा नियम खेड्यातल्या मुलाच्या हातातले सर्वांत नेमके हत्यार काढून घेतो.

शिक्षकांनी आणि घरी अभ्यास घेणाऱ्यांनी एवढे करून पाहावे. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापाव्यात, एकेकीवर वाक्याचा एकेक भाग लिहावा आणि त्या जमिनीवर पसराव्यात. मुलाला आधी मराठी वाक्य मोठ्याने म्हणू द्यावे, मग क्रियापदाची पट्टी उचलून कर्त्याशेजारी ठेवू द्यावी. उत्तराचे पर्याय त्यानंतरच दाखवावेत.