संधिप्रकाशातील दुर्बीण

दुर्बीण विकत घ्यायला गेलो की विक्रेता पहिल्यांदा सांगतो तो 'किती पट' हा आकडा. चार पटीपेक्षा नऊ पट चांगली, आणि नऊपेक्षा बारा, असा आपलाही समज असतो. भर दुपारी तो खपून जातो. सूर्य मावळला की मात्र हिशेब पार बदलतो. तो का बदलतो हे नीट समजावे म्हणून आपण एक नेमके उदाहरण घेऊ: इंग्लंडमधील शेतावर तिन्हीसांजेला ससे टिपणाऱ्या माणसाच्या रायफलवरची, बेताच्या किमतीची दुर्बीण. प्रश्न असा, की हातात थोडेच पैसे असतील तर ते कशावर खर्च करावेत?

ससे आणि लांबणारी संध्याकाळ

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशासह बहुतेक सर्व वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. इंग्लंडमधील परिस्थिती वेगळी आहे. तेथे रानससा हा पिकांचा नाश करणारा प्राणी मानला जातो. १९५४ च्या एका कायद्यान्वये इंग्लंड आणि वेल्सच्या जवळजवळ सर्व भागांत, जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरच तेथील सशांच्या बंदोबस्ताची जबाबदारी असते. ससा दिवसाचा बराच वेळ बिळात काढतो आणि पहाटे व संध्याकाळी चरायला बाहेर येतो. त्यामुळे त्याला टिपायचे तर तेही अंधूक उजेडातच. यासाठी सहसा वापरतात ती ०.२२ इंच व्यासाची रायफल, एन.सी.सी.च्या छात्रांना ती ओळखीची आहे. अंतर बहुधा पन्नास-साठ मीटर.

येथे दुर्बीण नीट दाखवते की नाही, हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. सशाचे डोके स्पष्ट दिसले नाही तर गोळी भलतीकडे लागते आणि जखमी प्राणी बिळात शिरून तडफडून मरतो. त्याहून वाईट म्हणजे, अंधारात हललेली आकृती ससा नसून शेजाऱ्याचे मांजर किंवा कुंपणापलीकडे वाकलेला माणूसही असू शकतो.

हा अंधूक उजेड किती वेळ टिकतो? सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. मुंबईत तो सुमारे २४ मिनिटे असतो. लंडनमध्ये जूनच्या शेवटी तो सुमारे ४८ मिनिटे टिकतो, कारण तेथे सूर्य क्षितिजाला खूप तिरका छेद देत खाली जातो. आकाश निरभ्र असेल तर सूर्यास्ताच्या वेळी जमिनीवर साधारण ४०० लक्स प्रकाश असतो. नागरी संधिप्रकाश संपताना तो तीन-साडेतीन लक्सवर येतो. ४०० ला सात वेळा निम्मे केले की जवळपास ३ उरतात. म्हणजे लंडनच्या त्या संध्याकाळी सरासरी दर सात मिनिटांनी उजेड निम्मा होतो. हा 'सात मिनिटांचा' नियम लक्षात ठेवू. पुढे तो कामी येणार आहे.

दोन आकडे आणि तिसरा

दुर्बिणीवर ४×३२, ६×४२, ८×५६ असे आकडे असतात. पहिला आकडा विशालनाचा आणि दुसरा पुढच्या वस्तुभिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. काहींवर ३-९×४० असे असते. त्यात एक कडे फिरवून विशालन तीनपासून नऊपर्यंत बदलता येते.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की तिसरा, न लिहिलेला आकडा मिळतो. नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा तो व्यास. त्याला आपण निर्गम वर्तुळ म्हणू. ४×३२ चे निर्गम वर्तुळ ८ मिमी, ६×४२ चे ७ मिमी, ८×५६ चेही ७ मिमी. ३-९×४० ची दुर्बीण नऊ पटीवर ठेवली तर ते ४.४ मिमी, आणि सहा पटीवर आणली तर ६.७ मिमी.

आता आपल्या डोळ्याची बाहुली पाहू. भर उन्हात ती दोन-तीन मिलिमीटरची असते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तशी ही उघडण्याची क्षमता कमी होते आणि पन्नाशीच्या आसपास अनेकांची बाहुली पाच मिलिमीटरच्या घरातच थांबते. प्रकाशझोत बाहुलीपेक्षा लहान असेल तर बाहुलीचा काही भाग उपाशी राहतो. झोत मोठा असेल तर जादा प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो. दुपारी बाहुली लहान असल्याने कोणतीही दुर्बीण चालते; परीक्षा होते ती संध्याकाळी.

दुर्बीण उजेड वाढवते का?

'ही दुर्बीण खूप प्रकाश गोळा करते' असे वाक्य जाहिरातींत हमखास असते. ते खोटे नाही, पण अर्धवट आहे. समजा, बाहुली ७ मिमी आहे आणि दुर्बीण ६×४२. वस्तुभिंगाचा व्यास बाहुलीच्या सहा पट, म्हणजे क्षेत्रफळ ३६ पट. दुर्बीण ३६ पट प्रकाश गोळा करते, हे बरोबर. पण सशाची प्रतिमा ती सहा पट लांब आणि सहा पट रुंद करते. म्हणजे तोच ३६ पट प्रकाश दृष्टिपटलावरील ३६ पट क्षेत्रफळावर पसरतो. प्रति चौरस मिलिमीटर प्रकाश तेवढाच राहिला! उलट भिंगांमध्ये थोडा हरवल्यामुळे किंचित कमीच झाला.

हा निष्कर्ष सर्व दुर्बिणींना लागू आहे. गवत, ससा, डोंगर अशा पसरट वस्तूंची तेजस्विता कोणतीही काचेची दुर्बीण नुसत्या डोळ्यापेक्षा वाढवू शकत नाही. फार तर ती जवळपास तेवढीच राखू शकते. ताऱ्यांची गोष्ट निराळी. तारा इतका दूर असतो, की मोठा करूनही तो बिंदूच राहतो. सगळा प्रकाश त्या एका बिंदूत येतो आणि तारा अधिक तेजस्वी दिसतो.

मग नुसत्या डोळ्याला न दिसणारा ससा दुर्बिणीतून दिसतो कसा? उत्तर आहे आकारात. साठ मीटरवरचा ससा सहा पटीच्या दुर्बिणीतून दहा मीटरवर असल्यासारखा दिसतो. मंद प्रकाशात आपल्या दृष्टिपटलावरील शंक्वाकार पेशी निरुपयोगी होत जातात आणि दंडाकार पेशी काम करू लागतात. अनेक दंडाकार पेशींचे संदेश एकत्र होऊन मेंदूकडे जातात. त्यामुळे क्षीण प्रकाश जाणवतो, पण बारकावे हरवतात. लहान प्रतिमेतील बारकावे या गोळाबेरजेत नाहीसे होतात. प्रतिमा मोठी झाली की ते टिकून राहतात.

म्हणजे संध्याकाळी दोन गोष्टी हव्यात: प्रतिमा मोठी हवी, पण ती मोठी करताना निर्गम वर्तुळ बाहुलीपेक्षा लहान होता कामा नये. वस्तुभिंग तेच ठेवून विशालन वाढवत गेलो तर काही काळ फायदा आणि मग तोटा होतो. नव्या दुर्बिणीच्या निवडीतला सारा पेच एवढाच आहे.

भिंगावरचा लेप

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. साध्या दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग आहेत असे समजू. ०.९६ चा दहावा घात ०.६६. म्हणजे एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गेला. तो नुसता जात नाही. नळीत इकडेतिकडे उसळून चित्रावर धुरकट पडदा धरतो, आणि संध्याकाळी हा पडदा फारच जाचतो.

यावरचा उपाय १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधला. भिंगावर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या पाव पट जाडीचा पारदर्शक थर दिला, की थराच्या वरून आणि खालून परतणारे तरंग एकमेकांना मारक ठरतात. मॅग्नेशियम फ्लोराइडच्या एका थराने परावर्तन दीड टक्क्यापर्यंत उतरते. अनेक थर दिले तर ते अर्ध्या टक्क्याच्या आसपास येते. आपल्या दहा पृष्ठभागांच्या दुर्बिणीतून मग अनुक्रमे ८६ आणि ९५ टक्के प्रकाश पार जातो.

विशालन बदलणाऱ्या दुर्बिणीत भिंगे जास्त, म्हणून पृष्ठभागही जास्त. बेताच्या किमतीत तेवढी सारी भिंगे चांगली घासून, चांगला लेप देऊन बसवणे अवघड जाते. त्याच पैशांत एकाच विशालनाची साधी दुर्बीण अधिक चांगल्या दर्जाची मिळू शकते, ती यामुळेच.

पैशांत किती मिनिटे?

आता सात मिनिटांचा नियम वापरू. एकेरी लेपाऐवजी बहुथर लेप घेतला तर प्रकाश ८६ वरून ९५ टक्के, म्हणजे सुमारे एक दशांश वाढला. यातून संध्याकाळ वाढली जेमतेम एक मिनिट. लेपच नसलेल्या दुर्बिणीऐवजी बहुथर लेपाची घेतली तर साडेतीन-चार मिनिटे. धूसरपणा कमी होतो हा फायदा वेगळा.

आणि ३-९×४० चे कडे नऊवरून सहावर आणले तर? निर्गम वर्तुळ ४.४ वरून ६.७ मिमी झाले. बाहुली ७ मिमी असेल तर डोळ्यात जाणारा प्रकाश सव्वादोन पट पसरट तेजस्वितेने वाढला. ही झाली आठ मिनिटे, आणि त्यासाठी एक पैसाही पडला नाही. प्रतिमा लहान झाल्याने यातला काही लाभ परत जातो, हे मात्र खरे.

वयाचाही हिशेब करू. ज्याची बाहुली पाच मिलिमीटरवर थांबते त्याने महागडी, जड ८×५६ घेतली तर झोतातील जवळपास निम्मा प्रकाश बुबुळावर पडेल. त्याच्यासाठी ८×४० आणि ८×५६ उजेडाच्या दृष्टीने सारख्याच. वडिलांनी मुलाची दुर्बीण पाहून तशीच घेणे शहाणपणाचे नाही.

काही फसवे निकष

माहितीपत्रकात 'संधिप्रकाश अंक' दिलेला असतो. विशालन आणि वस्तुभिंगाचा व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ म्हणजे हा अंक. ८×५६ चा २१.२ येतो. पण २०×२० अशी दुर्बीण कल्पिली तर तिचाही २० येतो, आणि तिचे निर्गम वर्तुळ आहे १ मिमी! संध्याकाळी तीतून काळोखच दिसेल. हा अंक निर्गम वर्तुळ पुरेसे असतानाच तुलनेला वापरावा. काचेच्या आणि लेपाच्या दर्जाबद्दल तर तो काहीच सांगत नाही.

दुसरा समज नळीचा. एक इंची नळीपेक्षा ३० मिमीची नळी जास्त प्रकाश आणते असे सांगतात. निर्गम वर्तुळ ठरते ते वस्तुभिंग आणि विशालन यांनी. जाड नळीचा मुख्य फायदा नेम जुळवण्यासाठी आत जास्त जागा मिळते हा.

तिसरी गोष्ट फुलीची. केसासारख्या बारीक तारांची फुली दुपारी सुरेख दिसते आणि संध्याकाळी गवताच्या काळ्या पार्श्वभूमीवर नाहीशी होते. बाहेरून जाड आणि मध्यभागी बारीक अशा तारा अधिक उपयोगी. शिवाय प्रयोगशाळेत आपण पॅरॅलॅक्स काढून टाकतो तोच प्रश्न येथेही आहे. मोठ्या रायफलींच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. ०.२२ साठी बनवलेल्या दुर्बिणी जवळच्या, साधारण पन्नास यार्डांच्या अंतरासाठी असतात. चुकीची निवडली तर डोके जरा हलले तरी फुली सशावरून सरकते.

वर्गात करून पाहा

यासाठी रायफलची गरज नाही. शाळेतील द्विनेत्री दुर्बीण पुरे. सूर्याकडे मात्र ती कधीही रोखू नका.

१. दुर्बीण उजळ आकाशाकडे करून नेत्रिकेमागे बटर पेपर धरा. तो मागेपुढे करत प्रकाशाचे वर्तुळ सर्वांत रेखीव दिसेल तेथे थांबा आणि पट्टीने व्यास मोजा. दोन आकड्यांच्या भागाकाराशी तो जुळतो का? बराच लहान आला तर आत कोठे तरी वस्तुभिंगाची कड झाकलेली आहे, म्हणजे छापलेला व्यास पूर्ण कामी येत नाही. स्वस्त मालात हे आढळते.

२. ट्यूबलाइटचे प्रतिबिंब वस्तुभिंगात पाहा. पांढरे, झगझगीत प्रतिबिंब म्हणजे लेप नाही. निळसर, जांभळट किंवा हिरवट आणि मंद असेल तर लेप आहे. भडक लाल चमक पाहून भुलू नये. तो लाल प्रकाश आत न जाता परतलेला आहे.

३. सूर्यास्तानंतर दर पाच मिनिटांनी फलकावरील अक्षरे नुसत्या डोळ्यांनी आणि दुर्बिणीतून वाचा. कोणती अक्षरे कधी हरवली याची नोंद ठेवा. विद्यार्थ्याची आणि शिक्षकाची नोंद शेजारी मांडली तर वयाचा परिणामही दिसू शकेल.

निवड

इंग्लंडमधल्या त्या शेतकऱ्याला आम्ही काय सुचवू? तरुण असेल तर ६×४२, वय झाले असेल तर ६×३२ किंवा ६×३६ च्या आसपासची. एकाच विशालनाची, लेप दिलेली, जाड तारांची आणि जवळच्या अंतरासाठी जुळवलेली. हाताशी ३-९×४० असेल तर नवीन घेण्याआधी कडे सहावर आणावे. हलणारे काय आहे हे ओळखायला मात्र रायफल रोखून तिच्या दुर्बिणीतून पाहू नये. त्यासाठी गळ्यात वेगळी द्विनेत्री असावी. उष्णतेवर किंवा इलेक्ट्रॉनिक संवेदकावर चालणाऱ्या दुर्बिणी आज मिळतात आणि त्या पूर्ण अंधारातही पाहतात, पण त्यांचे तत्त्व आणि किंमत दोन्ही वेगळे.

आपल्या शाळेसाठी पक्षीनिरीक्षणाची दुर्बीण घेतानाही भागाकार हाच. तळ्यावर संध्याकाळी उतरणारी बदके पाहायची असतील तर १०×२५ च्या आटोपशीर दुर्बिणीचे निर्गम वर्तुळ अडीच मिमी आणि ७×५० चे सात मिमी, हे खरेदीपूर्वी मुलांकडूनच फळ्यावर काढून घ्यावे.