वाढते वय, मेंदू आणि शेतीचा कारभार

आपल्याकडे अनेक घरांत शेतीचा कारभार वडीलधाऱ्या मंडळींच्या हाती असतो. साठी ओलांडली की ओळखीचे नाव चटकन आठवत नाही, चष्मा कोठे ठेवला ते ध्यानात राहत नाही. अशा वेळी काही घरांत त्यांना कारभारातून बाजूला सारले जाते, तर काही घरांत खरा आजारही ‘वयोमानाने होतेच’ म्हणून अंगावर काढला जातो. दोन्हींत नुकसानच आहे. म्हणून नैसर्गिक बदल कोणते आणि आजार कोणता, हे शेतकरी बंधूंनी समजून घ्यावे.

मेंदूत होणारे बदल

प्रौढ माणसाचा मेंदू साधारणपणे १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. चाळिशीनंतर त्याचे आकारमान दर दहा वर्षांत सुमारे ५ टक्क्यांनी घटते व सत्तरीनंतर हा वेग वाढतो. निरोगी मेंदूतील पेशी मात्र मोठ्या संख्येने मरत नाहीत. त्या आकसतात आणि त्यांना एकमेकींशी जोडणारे दुवे विरळ होतात. कपाळामागील, नियोजन करणारा भाग व नवीन आठवणी साठविणारा भाग यांवर परिणाम अधिक होतो. मज्जातंतूंवरील आवरणही झिजते, त्यामुळे संदेश सावकाश पोहोचतात.

काय घटते, काय टिकते

एका वेळी दोन कामांकडे लक्ष देणे, नवीन आकडे लक्षात ठेवणे व झटपट निर्णय घेणे अवघड जाते. परंतु शब्दसंपदा, व्यवहारज्ञान आणि वर्षानुवर्षे हाताखालून गेलेल्या कामाची जाण दीर्घकाळ टिकते. वाफसा ओळखणे, बियाणे पारखणे यांसारख्या कामांत ज्येष्ठांचा सल्ला मोलाचाच असतो.

आजार केव्हा समजावा

नाव विसरणे व थोड्या वेळाने आठवणे हे स्वाभाविक आहे. मात्र स्वतःच्या शेताची वाट चुकणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब न जमणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता व थायरॉईडचे विकार यांमुळेही विसराळूपणा येतो व तो उपचाराने सुधारू शकतो. म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

फवारणीनंतर अचानक गोंधळल्यासारखे होणे, घाम व लाळ सुटणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे ही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेची लक्षणे आहेत. याचा वयाशी संबंध नाही. रुग्णास ताबडतोब दवाखान्यात न्यावे व औषधाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे.

घ्यावयाची काळजी

१. औषधाची मात्रा, फवारणीची तारीख व उधारी वहीत लिहून ठेवावी.

२. मळणीयंत्र, कडबाकुट्टी यांवर एकच काम, घाई न करता करावे. सोबत दुसरी व्यक्ती असावी.

३. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावा. तंबाखू वर्ज्य करावी.

४. ऐकू कमी येत असल्यास किंवा मोतीबिंदू असल्यास उपचार टाळू नयेत. बहिरेपणा व अधूपणामुळे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

५. रोज चालावे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभर नियमित चालणाऱ्या ज्येष्ठांच्या मेंदूतील स्मृतीचा भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले.

६. वाचन, बैठका, शिवारफेरी यांत भाग घ्यावा. पुरेशी झोप घ्यावी.

थोडक्यात, वयाने मेंदूचा वेग कमी होतो; अनुभवाचा साठा तसाच राहतो. चपळाईची कामे तरुणांनी करावीत, परंतु पेरणी-कापणीचे निर्णय घेताना घरातील ज्येष्ठांना अवश्य विचारावे.