कोरड्या तळ्यातील गाळ आणि प्लवकांचा अभ्यास

जालना–भोकरदन मार्गावरील राजूर हे गणपतीच्या स्थानाकरिता प्रसिद्ध आहे. जलजीवशास्त्राच्या अभ्यासकाने मात्र दर्शन आटोपल्यावर त्या परिसरातील पाझर तलावांकडेही वळावे. बेसाल्ट खडक, त्यावरील काळी माती आणि बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडणारा पाऊस, यांमुळे तेथील उथळ तळी एप्रिल-मेपर्यंत आटतात. अशा तळ्यात कोणते जीव आहेत, हा प्रश्न ‘केव्हा?’ हे ठरविल्यावाचून विचारता येत नाही.

आपले विद्यार्थी बहुधा पावसाळा सरल्यावर प्लवकजाळी घेऊन जातात आणि रोटिफर, डॅफ्निया, सायक्लॉप्स यांची यादी करतात. (रोटिफर फॉर्मॅलिनमध्ये आखडून ओळखण्यापलीकडे जातात. ते आधी जिवंतच पाहावेत.) ही यादी चुकीची नसते, पण तिला तळ्याची यादी म्हणणे धाडसाचे होय. स्ट्रेप्टोसेफॅलस हा कवचहीन संधिपाद पहिल्या पावसाच्या डबक्यांत जन्मतो आणि काही आठवड्यांत अंडी टाकून नाहीसा होतो. ऑक्टोबरात जाणाऱ्याला तो दिसणार कसा?

तळे आटले तरी त्यातील जीवन गाळात शिल्लक असते. अन्न मुबलक असेतो डॅफ्नियाची मादी नरावाचून माद्याच प्रसवते. गर्दी वाढली, अन्न घटले, की नर उपजतात आणि फलित अंडी खोगिरासारख्या एका टणक वेष्टनात, एफिपियममध्ये, बंद होतात. सायक्लॉप्सची रीत निराळी आहे. त्याची अर्धवट वाढलेली पिल्लेच गाळात सुप्त राहतात. पहिल्या पाण्याबरोबर सर्व अंडी फुटत नाहीत, काही पुढील वर्षांसाठी मागे राहतात. एक पाऊस दगा देईल या भीतीने शेतकरी सगळे बी एकदम पेरीत नाही, तसाच हा प्रकार आहे. हेअरस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील एका तलावाच्या गाळातून तीनशेहून अधिक वर्षांची कोपेपोड अंडी जिवंत असल्याचे दाखविले. त्यांची पद्धत येथे जशीच्या तशी लावणे मात्र धोक्याचे आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरचा गाळ भेगांतून खाली पडतो आणि थरांचा क्रम मोडतो.

ऋतूचा हा विचार केवळ विद्वत्तेचा नाही. नारूचा कृमी सायक्लॉप्समधूनच माणसाच्या पोटात जात असे. उन्हाळ्यात पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी तळाला गेले की उरलेल्या थोड्या पाण्यात सायक्लॉप्स दाटत. त्याच पाण्यात नारू फुटलेला पाय बुडे, कृमीच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरत आणि तेच पाणी घागरीत भरले जाई. पाण्याचा हा घोट प्याल्यानंतर सुमारे वर्षाने माणसाच्या पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर येई. महाराष्ट्रही या रोगाने ग्रासलेल्या राज्यांपैकी एक होता. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. या यशात कापडाने पाणी गाळण्याचा वाटा फार मोठा आहे, कारण सायक्लॉप्स डोळ्यांना जेमतेम दिसण्याइतका मोठा असून कापडात अडकतो.

म्हणून सुरुवात मे महिन्यात, कोरड्या तळापासून करावी. वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थराचा गाळ निरनिराळ्या ठिकाणांहून घेऊन सावलीत ठेवावा. काचपात्रात त्यावर गाळून घेतलेले पावसाचे पाणी ओतावे आणि रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. शेजारी गाळावाचून, तेच पाणी भरलेले दुसरे पात्र हवेच, नाहीतर वाऱ्याने आलेला जीव गाळातून निघाला असे वाटेल. पावसाळ्यात त्याच तळ्यातून दर आठवड्यास नमुना घेऊन दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात.

जालना जिल्ह्यात प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी आता पुष्कळ झाली आहेत. त्यांत नव्याने जमणाऱ्या थोड्या गाळापलीकडे जुना साठा नसतो. तेथे जे जीव येतात ते वाऱ्याबरोबर, पक्ष्यांच्या पायांना लागून किंवा भरलेल्या विहिरीच्या पाण्यातून. जुना पाझर तलाव आणि त्याशेजारचे नवे शेततळे यांची एकाच पावसाळ्यात तुलना करणे हा एका प्रबंधिकेला पुरेल असा विषय आहे.