औंधच्या डोंगरावर

आपली आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. म्हणून शाळेची सहल औंधच्या श्री भवानी संग्रहालयाला गेली. स्वतः चित्रकार असलेल्या राजा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ते १९३८ साली डोंगरावर उभारले. संग्रह लोकांना पाहता यावा, हाच संग्रहालयाचा अर्थ. तरीही राजा रविवर्म्याची चित्रे पाहताना वाटले, या वैभवात आपले काय?

पुढे हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे दगडी शिल्प दिसले. मूर इंग्लंडमधल्या कोळसा-खाणकामगाराचे पुत्र, असे गुरुजींनी सांगितले. माझे वडील विहिरी खोदतात. मी त्या दगडापुढून लवकर हललो नाही.

घरी सांगितल्यावर वडील म्हणाले, “मलाबी एकदा दाव की.” अजून नेणे झालेले नाही. या सुट्टीत नेणार आहे.